तोफ निर्दोष, कान संशयित

तोफेमुळे माणसाला कमी ऐकू येतं, असं म्हणणारे लोक देशात अजून आहेत आणि त्यातले बरेचसे तोफखान्यातूनच निवृत्त झालेले असतात, हा निव्वळ योगायोग. निवृत्तीच्या वेळी तपासणारं लष्कराचं मेडिकल बोर्ड असल्या योगायोगांना भुलत नाही. 20-22 वर्षं 155 मिलिमीटरच्या तोफेशेजारी उभा राहिलेला हवालदार समोर आला, की कागद चाळून शेरा पडतो : व्याधी सेवेमुळे झालेली नाही, सेवेत बळावलेलीही नाही. मग कशामुळे? वयामुळे, प्रकृतीमुळे. गावच्या गणपतीपुढच्या ढोलामुळे, असं अजून कुणी लिहिलेलं नाही एवढंच.

वास्तविक कान घेताना फौज फार चोखंदळ. अधिकारी म्हणून निवडायच्या उमेदवाराला पाठमोरं उभं करून 610 सेंटिमीटरवरून कुजबुजतात आणि प्रत्येक कानाला ते ऐकू आलं पाहिजे. नोकरीतही 'शेप' नावाच्या दर्जात पाच अक्षरं असतात, त्यातलं एक खास कानाचं. एवढं पारखून घेतलेलं परत करताना मात्र बोलणं बदलतं. लग्नासाठी भाड्याने नेलेली पातेली पोचे पाडून परत करावीत आणि वर म्हणावं, तुमचं पितळच मुळात हलकं!

देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत 'तोपची' हे प्रात्यक्षिक होतं. धडाका झाला की पाहुण्यांचे हात आपसूक कानांवर जातात. तोफेपाशी असलेल्या जवानाचे हात गोळा भरण्यात गुंतलेले. 140 डेसिबलच्या वरचा एक धमाकाही कान कायमचा दुखवू शकतो. आतल्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, फ. घरात बायको 'साखर संपली' म्हणते, याला 'आखर अंपली' ऐकू येतं. आणि बोर्डापुढे साहेब टेबलापलीकडून खणखणीत विचारतात, "नाव काय? गाव कोणतं?" हा बिचारा अदबीने दोन्ही सांगतो. झालं! ऐकू येतंय की!

पण खरी गंमत टक्क्यांत आहे. मुदत संपून निवृत्त होणाऱ्याचं अपंगत्व 20 टक्क्यांच्या खाली असेल, तर अपंगत्व पेन्शनच्या हिशेबात कान शाबूत. 20 भरलं आणि ते सेवेमुळे झालं किंवा सेवेत बळावलं असं ठरलं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या राम अवतार निकालामुळे ते 50 धरायचं. म्हणजे 19 चे शून्य, 20 चे 50. शेवटचं वेतन 50,000 असेल, तर पूर्ण अपंगत्वाला त्याचे 30 टक्के, म्हणजे महिना 15,000, पन्नासाला 7,500. एका टक्क्यात साडेसात हजार दडलेले असताना बोर्डाचं पेन 19 वर का अडखळतं, असं विचारणं असभ्यपणाचं आहे. पेनची शाई संपली असेल.

भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरावं आणि व्याधी सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सैनिकावर नव्हे, नोकरी देणाऱ्यावर, असं न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात 2013 मध्येच सांगितलं. बऱ्यापैकी मोठ्याने सांगितलं. तरीही दावे फेटाळले जातात, अपिलं होतात, आणि सैनिक जिंकला तर सरकार वरच्या कोर्टात जातं. मला वाटतं, श्रवणयंत्र वाटपाची सुरुवात संरक्षण मंत्रालयातून व्हावी. तिथल्या बहिरेपणाला टक्केवारीची अट नको, सरसकट द्यावं.

तुमच्या घरचा जवान लवकरच पेन्शनीत येणार असेल, तर त्याला आजच सांगा : फायरिंगनंतर कान वाजायला लागले की एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नोंद कर. ऑडिओमेट्रीचा प्रत्येक कागद जपून ठेव. रिलीज मेडिकल बोर्डाच्या अहवालाची प्रत मागून घे, त्यात टक्का आणि कारण दोन्ही वाच, पटलं नाही तर अपील कर. तेही फेटाळलं, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं एक खंडपीठ मुंबईत आहे.