‘माफी असावी’ लिहू नका

‘सदर बाब नजरचुकीने घडली असून यापुढे असे होणार नाही, तरी माफी असावी.’

नांदेडचा नवा मोंढा असो की लातूरची गंजगोलाई, कारणे दाखवा नोटीस आली की कृषी सेवा केंद्रवाला हे एक वाक्य लिहून मोकळा होतो. लिहितो तरी कुठं? कचेरीसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये मागच्या माणसाचा खुलासा तयारच असतो. नाव, गाव, परवाना क्रमांक बदलायचा, खाली दुकानाचा शिक्का मारायचा, आवकला देऊन पोच घ्यायची. झालं. पुढं आदेश हातात पडतो आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘परवानाधारकाने चूक लेखी मान्य केली आहे.’

असा एक खुलासा मी नोटिशीशेजारी ठेवून वाचला. नोटिशीत मुद्दे चार होते. भावफलक दर्शनी भागात नाही, साठा रजिस्टर अद्ययावत नाही, बिलावर शेतकऱ्याची सही नाही आणि चौथा, बियाण्याचा नमुना अप्रमाणित. दुकानदाराच्या मनात माफी होती ती भावफलकाची. कागदावर त्यानं चारही मुद्दे कबूल करून टाकले. सीलबंद पिशवीत काय भरलंय हे त्याला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तरी कंपनीचं पाप त्यानं स्वतःच्या सहीनं स्वतःच्या गळ्यात घालून घेतलं.

सुनावणीचा निकाल बहुतेक वेळा इथंच लागतो. साहेबांच्या दालनात माणूस हात जोडून उभा राहतो, ‘सांभाळून घ्या’ म्हणतो आणि पाच मिनिटांत बाहेर येतो.

*

खरं तर कायद्यानं या माणसाला बरंच काही दिलंय. बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ सांगतो की परवानाधारकाला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय परवाना निलंबित किंवा रद्द करता येत नाही. आदेश विरोधात गेला तर अपिलाला ६० दिवस आहेत. बियाणे अधिनियम, १९६६ प्रमाणे निरीक्षक नमुना घेतो तेव्हा त्याचे तीन भाग होतात. एक प्रयोगशाळेला जातो, एक निरीक्षकाकडं राहतो आणि एक दुकानदाराच्या हाती देतात. हा तिसरा भाग म्हणजे त्याचा पुरावा. तो कुठं असतो? गल्ल्याच्या वरच्या फळीवर, अगरबत्तीच्या पुड्यांमागं, उंदरानं कोपरा कुरतडलेला.

कीटकनाशकांच्या कायद्यात तर घड्याळच लावून दिलंय. विश्लेषकाचा अहवाल हाती आल्यापासून २८ दिवसांत ‘हा अहवाल मला मान्य नाही, मी पुरावा देणार’ असं लेखी कळवावं लागतं. नाही कळवलं तर तोच अहवाल पक्का पुरावा धरला जातो. त्याच कायद्याचं कलम ३०(३) प्रामाणिक विक्रेत्याला आडोसा देतं. माल परवानाधारकाकडून घेतला, दोष मला माहीत नव्हता आणि नीट खबरदारी घेऊनही कळला नसता, माल नीट ठेवला आणि आला तसाच विकला, एवढं सिद्ध केलं की तो सुटतो. पण सिद्ध त्यानंच करायचं आहे. त्यासाठी खरेदीचं बिल लागतं, कंपनीचं उगम प्रमाणपत्र लागतं, लॉट नंबर जुळणारं रजिस्टर लागतं. ‘माफी असावी’नं यातलं काहीच सिद्ध होत नाही.

*

‘मग वकील का नेत नाही?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘वकील नेला तर साहेब चिडतील.’

हीच भीती मुळावर येते. बियाणे आदेशात वकिलाला मज्जाव करणारं कलम नाही. पुरावा घ्यायचा अधिकार कायद्यानं ज्याला दिलाय, त्याच्यापुढं काम चालवायचा हक्क वकिलांना अधिवक्ता कायद्याच्या कलम ३० नं दिला. कायदा १९६१ चा आणि हे कलम अमलात आलं १५ जून २०११ ला. पन्नास वर्षं ते कागदावरच होतं. नोकरदाराच्या खातेनिहाय चौकशीत वकिलाला वाट अरुंद आहे, हे खरं. पण तिथंही सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सांगून ठेवलं की मालक कायदा शिकलेली माणसं उभी करत असेल, तर समोरच्याला वकील नाकारणं अन्यायाचं आहे.

आणि साहेबांनी तरी का चिडावं? मुद्देसूद खुलासा समोर आला तर आदेशही मुद्देसूद लिहावा लागतो, आणि कारणं लिहिलेला आदेश अपिलात टिकतो. वकील शेजारी बसला म्हणून साहेबांचा अपमान होत नाही. अपमान होतो तो बिनकारणांचा आदेश वर जाऊन रद्द होतो तेव्हा.

वकील मंडळींनाही एक सांगायचं आहे. लातूर-नांदेडच्या कोर्टांत दिवाणी-फौजदारीला काळ्या कोटांची कमतरता नाही, पण परवान्याच्या सुनावणीला ‘त्यात काय आहे?’ म्हणून हात लावायला कुणी तयार नसतं. मग परवाना गेला की पक्षकाराला थेट उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची गाडी दाखवतात. खंडपीठ विचारतं, अपील केलं का? आणि खाली खुलाशात काय लिहिलंत? लिहिलेलं असतं, माफी असावी.

*

‘दुकानदारांची वकिली कशाला करता? फसतो तो शेतकरी.’ बरोबर. फसतो तो शेतकरीच, म्हणूनच हे लिहितोय.

२०२० चा खरीप आठवा. मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही, तक्रारींचा ढीग लागला, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. गुन्हे दाखल होऊ लागले तसं सीलबंद पिशवीला आम्ही कसे जबाबदार म्हणत विक्रेत्यांनी जुलैत तीन दिवस दुकानं बंद ठेवली, आणि तेही ऐन हंगामात. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. पोतं आपटलं, गोदाम तापलं, खोल पेरलं, पुरेशा ओलीआधी पेरलं, यातल्या कशानंही उगवण मार खाते. किंवा लॉटच मुळात खराब असतो, ७० टक्के उगवणीच्या निकषात न बसणारा. यातलं खरं कारण कोणतं, हे नीट सुनावणी झाल्याशिवाय कसं कळणार? घाईत एका दुकानाचं शटर पाडलं की पेपरात बातमी येते आणि तोच लॉट पुढच्या तालुक्यात विकला जातो. दुकानदारानं बिल, लॉट आणि उगम प्रमाणपत्र मांडून बोट वर दाखवलं, तर चौकशी कंपनीच्या दारापर्यंत जाते. शेतकऱ्याला भरपाई त्याच दारातून मिळायची आहे.

*

आधी शिक्षा, मग चौकशी ही सवय फक्त मोंढ्यातली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं. कुणाचंही काळीज हलावं असंच ते होतं. दोनच दिवसांत एका खासदारानं प्रभारी अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावलं आणि राज्यानं ते टीव्हीवर पाहिलं. औषधं कमी होती का, माणसं कमी होती का, पैसा कुठं अडला, हे विचारायच्या आधीच हातात झाडू आला. त्या झाडूनं एका बाळाच्या आईलाही उत्तर मिळालं नाही.

अंतराचंही बघा. कृषी विभागाचं अपील निदान लातूरला सहसंचालकांपुढं चालतं. रास्त भाव दुकानदाराला मात्र अपिलाला विभागीय आयुक्तालय गाठावं लागतं संभाजीनगरला आणि पुढं मंत्रालय मुंबईला. डॉक्टरांची वैद्यक परिषदही मुंबईलाच. नवं महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद २००९ पासून चालू आहे. दोन्ही शहरांनी त्यापायी मोर्चे काढले, बंद पाळले. आणि देगलूरचा, निलंग्याचा माणूस पिशवीत फाईल घालून अजूनही रात्रीच्या एसटीत बसतोय.

*

मोर्चा न काढता होण्यासारखं बरंच आहे. नोटिशीच्या खालीच अधिकाऱ्यांनी एक ओळ छापावी, ‘सुनावणीस आपण वकील अथवा जाणकार प्रतिनिधी आणू शकता.’ अहवालाची प्रत नोटिशीलाच जोडावी. दोन्ही जिल्ह्यांच्या वकील संघांनी मे-जूनमध्ये अशा प्रकरणांसाठी चार तरुण वकील तयार ठेवावेत. ज्यांच्याकडं फी नाही त्यांनी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाचं दार ठोठावावं. १९८७ च्या त्या कायद्यात ‘न्यायालय’ या शब्दात अर्धन्यायिक काम करणारे अधिकारीही येतात, आणि महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. रेशन दुकान सांभाळणाऱ्या बचत गटातल्या ताईंना हे कुणीतरी सांगायला हवं.

आणि दुकानदार भाऊ, झेरॉक्सवाल्या पोराला ते जुनं वाक्य पुसायला सांगा. त्या जागी हे टाईप करून घ्या: ‘मुद्दानिहाय खुलासा व कागदपत्रे सोबत जोडली आहेत. म्हणणे मांडण्यासाठी वकिलासह हजर राहण्याची परवानगी मिळावी.’

पोच घ्यायला विसरू नका.