आटोपशीर आवाज

वरठीत शांतता फार माजली होती. भंडारा रोड स्टेशन इथेच, मुंबई-हावडा मार्गावरच्या गाड्या रात्रंदिवस धडधडतात, गावाला लागून सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. तरी वरातीला म्हणावा तसा आवाज नाही. ही उणीव ‘छोटा हत्ती’ या लहान मालवाहू टेम्पोवरच्या डीजेने भरून काढली, त्याबद्दल स्पीकरच्या पेट्या बनवणाऱ्या समस्त कारागिरांचे जाहीर अभिनंदन.

हौदा लहान, म्हणून पेट्याही बेताच्या: १८ मिलिमीटरचा प्लाय, सांध्यात फेविकॉल नि लाकडाचा भुसा, कोपऱ्यांना पत्रा. पेटी लहान केली की खर्ज खोल उतरत नाही, हे भौतिकशास्त्र. मग आणखी चार पेट्या चढवाव्यात, हे डीजेशास्त्र.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मंजूर केले आहेत. नियमाचा संपूर्ण आदर राखून आमची नम्र सूचना एवढीच, की हे प्रत्येक पेटीमागे धरावेत. जागा कमी पडल्यास चालकाचे आसन काढावे. गाडी खर्जाच्या धक्क्यानेही पुढे सरकते.

अशा वरातीत सगळे मावते: पेट्या, जनरेटर, लाइटी. नवरदेव तेवढा मागून पायी. तो कुठे राहिला, असे नवरीच्या मामांनी विचारले असावे. सगळ्यांनी ठेक्यात मान डोलावली.