पहिल्या धारेचं पर्यटन

नागपूरच्या धरमपेठेत असं एखादं जोडपं हल्ली प्रत्येक इमारतीत सापडतं. दोघं निवृत्त, मुलगा परदेशी, गुडघे अजून शाबूत. यंदा ते ग्रीसच्या क्रीट बेटावर जाऊन आले आणि तेव्हापासून त्यांच्याकडे चहाला जायला शेजारी बिचकतात. चहाच्या आधी मोबाइल येतो. मोबाइलमध्ये दगडी गल्ली, गल्लीत मांजर, मांजरामागे काळ्या कपड्यांतली म्हातारी, म्हातारीमागे डोंगर. "प्रायव्हेट टूर होती, फक्त आमच्या दोघांची," हे वाक्य दर तिसऱ्या फोटोला. सकाळी गाडी हॉटेलच्या दारात, ड्रायव्हर हाच गाईड, प्सिलोरितिस पर्वताच्या उतारावरचं अनोगिया, वाटेत आणखी दोन गावं आणि जेवणानंतर द्राक्षांच्या मळ्यात वाईनचे पाच घोट. घोट पाचच, पण वर्णन पाऊण तास चालतं.

सगळ्यांत लाडका फोटो मात्र तांब्याच्या भट्टीचा. क्रीटमध्ये वाईन करून उरलेला द्राक्षांचा चोथा ऑक्टोबर-नोव्हेंबरात भट्टीवर चढवतात. त्यातून उतरते ती राकी, म्हणजेच त्सिकुदिया, आणि भट्टीला म्हणतात काझानी. त्या रात्री गाव भट्टीभोवती जमतं, निखाऱ्यात बटाटे भाजतात, कोणीतरी वाद्य काढतं आणि पाहुण्याच्या हातात पेला दिल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. हे सांगताना बाईंचा आवाज हळवा होतो. "काय संस्कृती आहे हो! आपल्याकडे असलं काही नाहीच."

चंद्रपूरचा भाचा समोर बसून चिवडा खात होता. तो म्हणाला, "काहून नाही, मामी? आपल्याकडेबी आहे. फक्त आपल्याकडे त्याला संस्कृती म्हणत नाहीत, कलम म्हणतात."

तिथेच दौरा ठरला. आदल्या रात्री भाच्याकडे मुक्काम, पहाटे खासगी गाडी, मग मूल, सावली, वैनगंगेचा पूल, गडचिरोली, धानोरा रस्त्यावरचं एक गोंड गाव आणि रात्री परत. डोंगर, गावं, मद्य: क्रीटच्या कार्यक्रमपत्रिकेतलं सगळं यात होतं. फक्त शेवटची बाब कुठे आणि कशी, यावर भाचा काही बोलायला तयार नव्हता.

या मुलखात फिरायचं तर नकाशापेक्षा राजपत्र जास्त उपयोगी पडतं. वर्धा जिल्हा गांधीजींचा म्हणून सत्तरच्या दशकापासून कोरडा. गडचिरोली १९९३ पासून कोरडा. चंद्रपुरात दारूबंदी लागू झाली १ एप्रिल २०१५ ला. तारीख सरकारने निवडली होती, या सदराने नव्हे. त्यानंतर सहा वर्षं एकमेकांना चिकटलेले तीन जिल्हे कागदोपत्री ठणठणीत कोरडे होते. मग रमानाथ झा समितीचा अहवाल आला. बंदीमुळे अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढली असं सांगून २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवली. तेव्हापासून वैनगंगेच्या पश्चिम काठावर दारू म्हणजे महसूल आणि पूर्व काठावर गुन्हा. मधल्या पाण्यातल्या माशांनी काय करावं, याचं परिपत्रक अजून निघालेलं नाही.

तर गाडी निघाली. वऱ्हाडी वळणाचं बोलणारा चालक हाच गाईड होता, एवढ्यापुरतं क्रीट जुळलं. चंद्रपुरातून बाहेर पडताना २९२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राचा धूर दिसला आणि गृहस्थांनी सवयीने विचारलं, "ज्वालामुखी आहे का?" चालक म्हणाला, "नाही जी साहेब, मुंबईचा एसी आहे."

डोंगराबाबतीत मात्र गडचिरोलीने क्रीटवर मात केली, हे कबूल करावं लागेल. तिकडे डोंगर बघायला चढण चढून जावं लागतं. इकडे एटापल्ली तालुक्यातला सुरजागडचा डोंगर स्वतःच ट्रकमध्ये बसून पाहुण्यांना भेटायला येतो. लोहखनिजाच्या या डोंगरावर आदिवासींचा ठाकुरदेव आहे, त्याची यात्रा भरते. त्याच डोंगरावर २००७ मध्ये खाणपट्टाही दिला गेला. रस्त्याच्या कडेला लाल धुळीने माखलेली झाडं दिसली की डोंगर नुकताच येऊन गेला असं समजावं. बाईंनी काच खाली करून फोटो काढला. फोटोत फक्त धूळ आली. पण रंग सुंदर होता, इटलीत भिंतींना देतात तसा.

खरी, परवान्यासहची खासगी सहल या भागात एकच आणि ती ताडोब्याची. राष्ट्रीय उद्यान १९५५ चं, व्याघ्र प्रकल्प १९९५ पासून, गाभा आणि बफर धरून १७२७ चौरस किलोमीटर. मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या गेटवर उजाडण्याआधी जिप्सींची रांग लागते आणि वाघिणीला नावाने ओळखणारे पाहुणे गाईडला मात्र "अरे ए" म्हणून हाक मारतात. गाभ्यातली नवेगाव, जामणीसारखी गावं उठवून बाहेर बसवली, त्यामुळे तिथे आता 'अस्सल गाव' बघायला मिळत नाही. ती उणीव बाहेरच्या रिसॉर्टांनी भरून काढली आहे. मातीने सारवलेल्या भिंती, भिंतीवर वारली चित्रं (वारली इथून आठशे किलोमीटरवर राहतात, पण पाहुणे कुठे मोजायला बसतात), आणि मोहाच्या झाडाखाली दिव्यांच्या माळा लावून मांडलेलं जेवणाचं टेबल. झाड खरं असतं. फुलं पडायच्या दिवसांत टेबल हलवतात, कारण वासाला माश्या येतात.

हे फूल जवळून बघण्यासारखं आहे. होळीच्या आगेमागे मोह गळायला लागतो तो रात्री उशिरा आणि पहाटे. बायका-पोरं अंधारातच टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. पाचोळा आधीच झाडून किंवा जाळून साफ केलेला असतो, त्यावर फिकट पिवळी, गोलसर, रसाने तट्ट फुगलेली फुलं पडलेली असतात. फूल एकेक करून वेचावं लागतं. कंबर वाकवून चार तास वेचलं की एक टोपली. अंगणात वाळवलं की चार दिवसांत ते तांबूस, सुरकुतलेलं, थेट मनुकेसारखं दिसतं आणि गोडही तसंच लागतं, कारण सुक्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. गोडाची आवड अस्वलालाही आहे. वाघाला फुलाशी कर्तव्य नसतं, पण वाकून वेचणारं माणूस त्याला माणसासारखं दिसत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगलात वाघ हमखास दिसणारी सहल त्यांचीच, आणि तिला जिप्सी नसते.

आता सरकार आणि फूल. इंग्रजांनी १८९२ मध्ये मोहाच्या फुलासाठी मुंबई इलाख्यात स्वतंत्र कायदाच केला होता. लोकांनी घरी गाळली तर सरकारमान्य भट्टीची विकायची कोणाला, हा साधा हिशेब होता. इंग्रज गेले, फुलावरची नजर राहिली. फूल गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे निर्बंध महाराष्ट्राने उठवले ते २०२१ मध्ये. म्हणजे आता फूल स्वतंत्र आहे. त्याने फक्त पाण्यात पडून चार-पाच दिवस विचार करू नये, नाहीतर त्याचा सडवा होतो आणि पोलीस येतात.

हेच फूल जिल्ह्याबाहेर गेलं की त्याचं नशीब उजळतं. गोव्यात २०१८ साली मोहाच्या दारूची देखणी बाटली बाजारात आली. महाराष्ट्रातच डहाणूच्या एका डिस्टिलरीनेही मोह बाटलीत भरला आणि उच्चभ्रूंच्या पंगतीत बसवला. मध्य प्रदेशाने त्याला 'हेरिटेज' मद्याचा दर्जा दिला. गोव्याची फेणी तर २००९ मध्ये भौगोलिक मानांकन आणि २०१६ मध्ये वारशाचं पेय असे दोन्ही मान मिळवून बसली आहे. आणि द्राक्षाचं काय विचारता! नाशकात २००० साली सुलाची पहिली वायनरी सुरू झाली, २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेसाठी खास धोरण आणलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाईन ठेवू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. शेतकऱ्याचं भलं व्हावं म्हणून. वाईन म्हणजे दारू नव्हे, हा सिद्धान्तही त्याच हंगामात मांडला गेला. मोह वेचणारी बाई शेतकरी नसल्यामुळे तिच्या फुलाला सिद्धान्त नाही.

पण घोट घेण्याच्या कार्यक्रमाचं काय, असं बाईंनी पुलावर विचारलंच. क्रीटमध्ये पेला हलवायचा, नाक आत घालायचं, मग 'ओल्या दगडाचा गंध' वगैरे म्हणायचं अशी रीत होती. भाच्याने सांगितलं की आपल्याकडे ही रीत अधिक शास्त्रोक्त आहे, तिला पंचनामा म्हणतात. दोन पंच समक्ष असतात. द्रव्याचा रंग लिहितात. वास हुंगून 'आंबट, उग्र' अशी नोंद करतात. मडक्यावर मडकं, सांधा मातीने लिंपलेला, नळी, खाली प्लास्टिकचा डबा असं भट्टीचं वर्णन येतं, जे क्रीटच्या माहितीपत्रकात चकचकीत कागदावर छापतात. मग नमुना बाटलीत भरून, लाख लावून, सह्या घेऊन रासायनिक तपासणीला पाठवतात. उरलेला सडवा जागीच नष्ट. दुसऱ्या दिवशी पेपरात 'मोहसडव्यासह मुद्देमाल जप्त' अशी चार ओळींची बातमी, शेजारी हजारांतला आकडा. मोहाच्या दारूवर एवढ्या बारकाईने आणि इतकी वर्षं लिहिणारे दुसरे रसिक मराठीत नाहीत.

इथवर गंमत जमून आली होती. गृहस्थ तर क्रीट आणि गडचिरोली यांच्यावर लेख लिहायच्या बेतात होते: तिथे काझानी उत्सव, इथे गुन्हा, हाच का न्याय, वगैरे. मथळाही सुचला होता. तेवढ्यात गाडी धानोऱ्याच्या अलीकडे मेंढा (लेखा) गावात पोचली आणि बेत फिसकटला.

अंगणात एक म्हातारी धान पाखडत होती. काळे कपडे नव्हते, हिरवं लुगडं होतं, पण मागे डोंगर होता. बाईंनी फोटो काढला, मग गोड आवाजात, थोडं खालच्या पट्टीत विचारलं, "आजी, घरची मोहाची मिळेल का हो? थोडीशीच. अस्सल."

आजींनी सूप खाली ठेवलं. "दारू नाही भेटत जी इथं. गावानं बंद केली."

"पोलिसांनी?"

"गावानं."

या 'गावानं'चा अर्थ लागायला पाहुण्यांना वेळ लागला. मेंढ्यात बायकांनीच ग्रामसभेत दारूचा विषय काढला होता, चर्चा झाली आणि सर्वसहमतीने दारू थांबली. पुढे याच ग्रामसभेला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा की गावाचा, यावर वाद झाला. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. 'मावा नाटे मावा राज', आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा इथली. गावाला कायदा कळत नाही म्हणून बंदी लादावी लागते असं म्हणणाऱ्यांची इथे अडचण होते. बंदी म्हणजे शहरी सोवळं, असं म्हणणाऱ्यांची तर त्याहून जास्त.

कारण गडचिरोलीची १९९३ ची बंदीही मुंबईत कोणाला झोपेत सुचलेली नाही. गावोगावच्या बायका आणि संस्था सहा वर्षं मागे लागल्या होत्या. चंद्रपूरच्या बंदीसाठी डिसेंबर २०१० मध्ये हजारो बायका चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर पायी चालत गेल्या. त्यांच्यापैकी कोणालाही 'ओल्या दगडाचा गंध' आठवत नव्हता. रात्री दार वाजलं की कोणत्या आवाजात वाजलं, त्यावरून घोट किती झाले ते त्यांना कळायचं. क्रीटच्या फोटोतली काळ्या कपड्यांतली म्हातारी काझानीबद्दल काय म्हणते, हे गृहस्थांनी विचारलं नव्हतं. गाईडने वेळ दिला नसावा.

आजींनी कोरा चहा दिला. गृहस्थांनी पाकीट काढलं तेव्हा त्यांनी हाताने नको म्हटलं आणि मोहाचे दोन लाडू पुडीत बांधून दिले. ते खाताना बाई पहिल्यांदाच गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, "याला थोडं पॅकिंग केलं ना..."

परतीला पुलावर अंधार पडला होता. नाक्यावर पोलिसाने टॉर्च मारला, चालकाने काच खाली केली. "कुठून?" "मेंढ्याहून जी." "काही आहे का?" "लाडू आहेत." पोलिसाने पुडी हुंगली. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर तोच भाव आला जो क्रीटच्या मळ्यात गृहस्थांच्या चेहऱ्यावर आला होता, पण पंच हजर नसल्याने त्याने पुडी परत दिली.

पलीकडच्या काठाला दुकानांचे दिवे लागले होते. गृहस्थांनी गाडी थांबवायला सांगितली. महाराष्ट्रात कायद्याने दारू प्यायला परवाना लागतो, प्रकृती राखण्यासाठी म्हणून तो देतात. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी ५ रुपये, देशीसाठी २ रुपये. मोहाच्या पहिल्या धारेसाठी त्या दुकानात फॉर्म नव्हता.