काका, कोण गेलं?

नवीन पनवेलच्या आमच्या चर्चमध्ये हल्ली उपासनेच्या सुरुवातीला वर्शिप टीम उभी राहते. ड्रम, कीबोर्ड, गिटार आणि माइक धरलेली चार-पाच मुलं. मुलं गुणी आहेत, शनिवारी संध्याकाळी घाम गाळून सराव करतात. गाणी पडद्यावर येतात आणि ती बहुतेक हिंदी असतात. त्याला इलाज नाही. मंडळीत नगर-सोलापूरचे आहेत, तसे केरळचेही आहेत. सिडकोने भाषा विचारून थोडीच घरं वाटली? फक्त एकच ओळ इतक्यांदा येते की, ‘ऐकलं रे बाबा, पुढे बोल’ असं देवालाही म्हणावंसं वाटत असेल.

मला चुकल्यासारखं होतं ते ‘उपासना संगीत’वाचून. पाठीला खाकी कागद डकवलेलं ते मराठी गीतांचं पुस्तक घराघरात असायचं. पाळकांनी नुसता क्रमांक पुकारला की पान सापडायच्या आत बायका पहिल्या कडव्यात पोचलेल्या असत. पुस्तक उघडायचं ते केवळ शिष्टाचार म्हणून.

गाणी ठरवणाऱ्या मुलाला मी एकदा म्हटलं, ‘‘या रविवारी टिळकांचं एखादं भजन घेऊ या का?’’ त्याचा चेहरा पडला. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, ‘‘काका, कोण गेलं?’’

चूक त्याची नव्हती. कबरस्तानात कीबोर्ड नेत नाहीत. तिथे मावश्या-काकू पदर सावरून पाठ असलेलं म्हणतात, म्हणजे अर्थात जुनं. पोरांच्या कानावर ही गाणी पडतात ती तेवढ्यापुरतीच. शाळेच्या पुस्तकांनी नारायण वामन टिळकांना ‘फुलांमुलांचा कवी’ म्हटलं. आमच्याकडे ते मयताचे कवी होऊन बसले.

वास्तविक हा माणूस केवढा उत्साही! १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मिशनऱ्यांनी आणलेल्या गीतांचे मराठी तर्जुमे विलायती चालीत बसवताना ऱ्हस्वदीर्घांचे फार हाल होत. नगरला कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तर अभंग, ओव्या, भजनं यांची रास ओतली आणि टाळ-मृदंगाला चर्चमध्ये मानाची जागा मिळवून दिली. घरही तसंच. बालकवी त्यांच्या आश्रयाला राहिलेले. लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि नवऱ्याचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच तडीला नेलं.

‘भजनी चाली चर्चमध्ये कशाला?’ असं तेव्हाच्या कुणा काकांनी नक्की म्हटलं असणार. इंग्लंडात आयझॅक वॉट्सने १७०७ मध्ये स्वतःची गीतं छापली, तेव्हा बायबलातल्या स्तोत्रांशिवाय काही गाणं पुष्कळांना पटत नव्हतं. आज तीच गीतं जुनी म्हणून आम्ही गळा काढतो. तेव्हा ड्रमवर रागवायला मला तोंड नाही.

माझं दुखणं वेगळंच आहे. शब्द कुठे जात नाहीत, ते छापलेले आहेत. चालीचं काय? जुन्या पदसंग्रहांच्या रिवाजाप्रमाणे गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून दुसऱ्याच एका गाण्याचा मुखडा दिलेला असतो. आता ते दुसरं गाणंही कुणाला येत नाही. म्हणजे हरवलेल्या माणसाचा पत्ता विचारावा, तर तो हरवलेल्या दुसऱ्या माणसाच्या घरचा निघावा. चाल राहते ती म्हणणाऱ्याच्या गळ्यात, आणि आमच्याकडचे ते गळे आता बीपीच्या गोळ्या घेतात.

हे ऐकून गाणी ठरवणारा तो मुलगा मात्र पेटला. मोबाइल घेऊन मंडळीतल्या एका मावशींकडे गेला. मावशी नगरच्या, सरकारदरबारी अहिल्यानगर झालं तरी त्यांच्या तोंडी नगरच. मांडीवर ताल धरून त्यांनी चार कडवी न अडखळता म्हटली. शेजारी जालन्याच्या काकू बसल्या होत्या. दुसऱ्या कडव्यापासून त्यांची चुळबुळ सुरू होती.

‘‘ही चाल नव्हे,’’ त्या अखेर म्हणाल्या, आणि तेच गाणं त्यांनी निराळ्याच चालीत म्हणून दाखवलं. शब्द तेच, पण मावशींचं संथ, पाय रोवून चालणारं, आणि काकूंचं जवळजवळ फुगडीच्या लयीतलं. आता नगरला अमेरिकन मिशन आणि जालन्याला स्कॉटिश, म्हणून चाली वेगळ्या, असं मी सांगायला गेलो. पण चालींच्या बाबतीत मिशनरी तरी काय करणार? गावोगावच्या बाजाच्या पेटीने आपापलं ठरवलेलं. दोघींनी मला गप्प बसवलं.

मुलगा खूश. म्हणाला, ‘‘आजी, दोन्ही रेकॉर्ड केल्यात. काकूंच्या चालीवर तर ड्रम एकदम फिट बसेल.’’

दोन दिवसांनी मावशींचा मला फोन आला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी मुद्दा काढला. मोबाइलमधून एखादं गाणं पुसायचं असेल तर ते कसं पुसतात, आणि काकूंना न कळता पुसता येतं का?

काकूंचा फोन आदल्याच दिवशी येऊन गेला होता.