मटेरियलवाले सेन्सेई

पैठणात त्यांना सगळे सेन्सेई म्हणतात. त्यांनी आजवर कुणाला जपानी शिकवलेलं नाही. जपानी परीक्षेच्या पाच पायऱ्यांतली सगळ्यांत खालची, एन-फाइव्ह, तीही ते चढलेले नाहीत. आधी मटेरियल फायनल व्हायला हवं, मग फॉर्म, असा त्यांचा क्रम आहे.

२०२४ च्या जुलैअखेर टोयोटाने संभाजीनगरातल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला आणि पाठोपाठ आपल्या तालुक्यातल्या बिडकीनचं नाव सगळ्यांच्या तोंडी आलं. लोक सातबारे काढायला धावले. सेन्सेई झेरॉक्सच्या दुकानात गेले. जपानी माणूस दारात आला तर त्याला दोन वाक्यं तरी बोलता यायला हवीत, हा विचार चांगलाच होता.

पहिलं पुस्तक आलं ‘मिन्ना नो निहोन्गो’. त्याचे धडे निखळ जपानीत. अर्थ आणि व्याकरणाच्या टिपा वेगळ्या पुस्तकात. म्हणजे एक घ्यायला जावं तर दोन घरात येतात. मग ‘गेन्की’: त्यात समजावणी इंग्रजीत, पण वर्कबुक निराळं. मग जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’, जे इंटरनेटवर फुकट मिळतं. फुकट म्हटल्यावर सेन्सेईंना संशय येतो. पण तेच छापून, स्पायरल बाइंडिंग करून, वर पारदर्शक कव्हर चढवलं की विश्वास बसतो. झेरॉक्सवाल्याचा त्यांच्यावर फार जीव आहे.

खरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. जपानीत क्रियापदाचं ‘ते’ रूप म्हणून एक प्रकरण आहे. ‘नोमु’चं ‘नोन्दे’ होतं, ‘काकु’चं ‘काइते’, ‘मात्सु’चं ‘मात्ते’. शेवटचं अक्षर पाहून नियम बदलतो आणि हे रूप आल्याशिवाय ‘जरा थांबा’ एवढंही धड म्हणता येत नाही. ‘मिन्ना’त ते चौदाव्या धड्यात येतं, ‘गेन्की’त सहाव्या. सेन्सेईंच्या मिन्नाची पानं तेराव्या धड्यापर्यंत मळलेली आहेत, गेन्कीची पाचव्यापर्यंत. त्यापुढे दोन्ही कोरी. ‘ते’ रूप समोर आलं, की त्या पुस्तकाची मांडणी सदोष असल्याचं त्यांच्या ध्यानात येतं. मग नवं पुस्तक, पुन्हा पहिला धडा, पुन्हा ‘वाताशी वा’. यालाच ते उजळणी म्हणतात. परिणामी जपानीत स्वतःची ओळख करून देण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या मराठवाड्यात नसेल. फक्त ओळख झाल्यावर पुढे काय बोलायचं, एवढाच प्रश्न राहतो.

त्यांच्या बाजूनेही एक सांगायला हवं. २०१० मध्ये परीक्षेची नवी रचना आली, तेव्हापासून कुठल्या पायरीला कोणतं व्याकरण, याची अधिकृत यादी आयोजक छापत नाहीत. त्यामुळे एका पुस्तकात एन-फाइव्हचं असलेलं रूप दुसऱ्यात एन-फोरला जाऊन बसतं. अशा वेळी साधा माणूस दोन्ही वाचून टाकतो. सेन्सेई तक्ता करतात. त्यात गुलाबी, पिवळा, हिरवा असे रंग असतात आणि कोणत्या रंगाचा अर्थ काय, हे सांगणारा आणखी एक तक्ता असतो. एकशे ऐंशीपैकी ऐंशी गुण मिळाले आणि प्रत्येक भागातला किमान आकडा गाठला, की एन-फाइव्ह पास. पण काठावर पास होण्यासाठी त्यांनी एवढा व्याप केलेला नाही.

“अहो, एखादं पुस्तक फाटेपर्यंत तरी वापरा,” वहिनी म्हणतात.

त्यावर सेन्सेई थेट नाथांपर्यंत जातात. “एकनाथ महाराजांनी याच गावात ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ ठरवला. घाई केली का त्यांनी?” घाई केली नसेल, पण शके १५०६ मध्ये ते काम पुरं झालं होतं, हे सेन्सेई सांगत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यात गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतली पोरं २०१९ पासून जपानी शिकू लागली. रोबोट, तंत्रज्ञान आवडतं म्हणून त्यांनी हीच भाषा निवडली होती. ती बातमी मी सेन्सेईंना वाचून दाखवली. पोरं जपानीत बोलतात, हे ऐकूनही ते हलले नाहीत. एवढंच विचारलं, “मटेरियल कोणतं वापरतात?”

मागच्या वर्षी गल्लीतली डिप्लोमावाली एक मुलगी त्यांच्याकडे सल्ल्याला आली. सेन्सेई दुपारभर बोलले. चहा दोनदा झाला. तिने त्यांनी पहिलं नाव घेतलेलं पुस्तक उचललं, बाकीचं नम्रपणे ऐकून घेतलं आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्याला जाऊन पेपर देऊन आली. पास झाली. पेढे घेऊन पहिल्यांदा सेन्सेईंकडेच गेली आणि सेन्सेईंनी ते अगदी गुरूच्या हक्काने घेतले.

आता ती एन-फोरच्या मागे आहे. परवा वही घेऊन पुन्हा आली. “काका, ‘काकु’चं ‘काइते’ होतं, तर ‘इकु’चं ‘इत्ते’ का? नियमाने ‘इइते’ व्हायला हवं ना?”

सेन्सेईंनी चष्मा पुसला, कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, “त्यासाठी वेगळं पुस्तक आहे. मी मागवलंय.”