पंचांग बघून ताप आणणाऱ्या डॉक्टरांस

आंबिवली, ता. कल्याण

प्रिय पॅनल डॉक्टरसाहेब,


पाकिटावर नाव घातलेलं नाही. स्टेशनापासून मोहन्यापर्यंत ज्याला हे पत्र आपलंच वाटेल, त्याने खुशाल फोडावं.

गणपतीला आठ दिवस उरले की तुमच्याकडे टायफॉइडची साथ येते, शिमग्याच्या तोंडावर कावीळ. रोगी कोकणच्या गाडीत खिडकीशी बसलेला, नि त्याची नाडी तुम्ही इथे बसून पाहता! ईएसआय, म्हणजे कामगार विमा, आजारपणात पगाराच्या 70 टक्के देते, वर्षात फार तर 91 दिवस. पॅनल डॉक्टरला पैसे मिळतात ते कामगारांची डोकी मोजून. डोकी तुम्ही चोख मोजता. तपासायचं राहून जातं, एवढंच.

मला कौतुक तुमच्या भूगोलाचं. घरी पाय मोडला तर 70 टक्के, कामावर मोडला तर 90. म्हणून तुमच्या कागदावर घरची मोरी उचलून थेट मशीनखात्यात जाते. आणि शेटचा फोन आला की तोच प्रवास उलटा. प्रेसमध्ये बोट गेलं, कागदावर मात्र 'घरी विळीवर कापले'. कायद्याच्या यादीत अख्खा अंगठा गेला तर कमाईची ताकद 30 टक्के घटली असं धरतात, तर्जनी गेली तर 14. विळीला त्या यादीत जागा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

पण खरं कसब तुमच्या न लिहिण्यात. आंबिवलीला रेयॉनचं काय सांगायचं? इथली रेयॉन कंपनी एनआरसी 2009 पासून बंद आहे. व्हिस्कोस रेयॉनला कार्बन डायसल्फाइड लागतो. तो वर्षानुवर्षं छातीत गेला की नसा, हृदय, डोकं, काहीच सोडत नाही. ही विषबाधा दिसली की डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं, असं कारखाना कायद्याचं 89 वं कलम सांगायचं. तुमच्यापुढे तिथला जुना कुणी 'हाताला मुंग्या येतात' म्हणाला की तुम्ही लिहिता: अशक्तपणा, बी कॉम्प्लेक्स. कुठल्या खात्यात काम करायचास, हा प्रश्न काही तुमच्या तोंडून निघत नाही.

त्यात तोटाही नव्हता. ईएसआयचा नि कारखान्यांचा, दोन्ही कायदे 1948 चे होते. खोटं सांगून विम्याचे पैसे काढले किंवा बुडवले, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड व्हायचा. रोग दिसूनही कळवला नाही, तर दंड हजारापर्यंतच होता. गप्प बसणं निम्म्या भावात!

आता कामाचं. माझ्या पुतण्याची तर्जनी परवा तिसऱ्या पाळीत गेली. उद्या तो तुमच्याकडे येईल. एक आधीच सांगून ठेवतो, आमच्याकडे विळी नाही. सूनबाई भाजी सुरीने चिरते. खात्री करायची तर घरी या, चहा टाकतो.

आपला,
दरमहा पगारातून पाऊण टक्का कापून देणारा