पाहुणा कारकून

दरवर्षी सप्टेंबरात आणि जानेवारीत लंडनमध्ये या मंडळींचे थवे उतरतात. वय विशीच्या आगेमागे, गाव ओहायोत नाहीतर टेक्सासात, पाठीवर भलीमोठी सॅक आणि अंगात दुकानातली घडी अजून न मोडलेला सूट. अमेरिकी विद्यापीठांच्या लंडन-सत्रांचे हे विद्यार्थी. आठवड्यातले काही दिवस वर्ग आणि उरलेले दिवस एखाद्या ब्रिटिश खासदाराच्या कचेरीत इंटर्नशिप. पगाराचे नाव नाही, उलट सत्राची फी घरून भरलेली. आईला फोनवर तो सांगतो, ‘मी ब्रिटिश सरकारात काम करतो.’ त्याचा खासदार विरोधी पक्षातला आहे, एवढा तपशील तो गाळतो.

1773 साली बोस्टनच्या लोकांनी याच पार्लमेंटने लादलेल्या करावर चिडून चहाच्या 342 पेट्या समुद्रात फेकल्या होत्या. त्यांचा हा वारस त्याच पार्लमेंटात सकाळी अकराला सगळ्या कचेरीचा चहा करतो आणि कोणाला किती दूध लागते हे तोंडपाठ ठेवतो. तिसरा जॉर्ज राजा हे बघायला हवा होता.

कचेरी असते पोर्टकलिस हाउसमध्ये, बिग बेनच्या समोर. 2001 साली ही इमारत सुरू झाली तेव्हा तिच्या काचेच्या चौकात फ्लोरिडाहून आणलेली फायकसची झाडे उभी केली गेली, तीही भाड्याने. त्या झाडांच्या भाड्यावरून वर्तमानपत्रांनी पुढे बराच गहजब केला. म्हणजे या आवारात येऊन चार पैसे मिळवून देणारे अमेरिकी पाहुणे तेवढेच.

आपला सल्ला परराष्ट्र धोरणावर घेतला जाईल, अशा समजुतीने हा आलेला असतो. पुढ्यात येते टपाल. पत्र आले की मजकुराआधी पत्त्यातला पोस्टकोड बघायचा. दुसऱ्याच्या मतदाराला खासदाराने हात लावायचा नाही, असा तिथला कडक रिवाज. पत्र परक्या मतदारसंघातले निघाले की ते गोड शब्दांत त्या त्या खासदाराकडे रवाना. आपले निघाले तर मग वाचायचे. बसचा मार्ग बंद झाला, कचऱ्याची गाडी फिरकली नाही, भिंतीला ओल आली, बायकोचा व्हिसा अडला. आपल्याकडच्या आमदाराच्या पीएला यातले काहीच नवे वाटणार नाही. पण शेजाऱ्याच्या झाडीच्या कुंपणाने माझे ऊन अडवले, अशी तक्रार आली की हा बुचकळ्यात पडतो. शोधाशोध केल्यावर कळते, की 2003 सालच्या एका कायद्यात यासाठी स्वतंत्र भागच आहे आणि दोन मीटरपेक्षा उंच सदाहरित कुंपणाविरुद्ध कौन्सिलकडे दाद मागता येते. राज्यशास्त्राच्या वर्गात त्याने मॅडिसन आणि मॉन्टेस्क्यू वाचलेला असतो. कुंपणाबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलेले नसते.

पत्रांपेक्षा त्याचा जीव रमतो तो सभागृहात. बुधवारी दुपारी बाराला पंतप्रधानांना प्रश्न विचारतात, त्या अर्ध्या तासासाठी तो प्रेक्षक-सज्जाचा पास मिळवतो. खासदार 650 आणि बसायला जागा साधारण 427. 1941 च्या बाँबहल्ल्यात सभागृह पडले, तेव्हा नवे बांधतानाही ते मुद्दाम लहानच ठेवावे, असा आग्रह चर्चिलने धरला. अर्ध्या रिकाम्या दालनात वादाला रंग चढत नाही, असे त्याचे म्हणणे. त्यामुळे खच्चून भरलेले खासदार, सभापतीची नजर पडावी म्हणून त्यांची एकसारखी ऊठबस आणि त्यावर हुर्यो. एक टोला असा बसतो की आपल्या गड्याचे हात टाळीसाठी वर जातात. खाली सदस्यांनी टाळ्या वाजवणे शिष्टसंमत नाही, आणि वर सज्जात तर हूं की चूं करायचे नाही. द्वारपाल नुसता बघतो. त्या बघण्यात अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सोडून बाकी सगळे परत जिंकलेले असते.

संध्याकाळी जवळच्या सेंट स्टीफन्स टॅव्हर्नमध्ये तो आयुष्यातली पहिली कायदेशीर बिअर पितो. मायदेशी एकविसाची अट, इथे अठराची. तेवढ्यात पबमध्ये घंटा घणघणते. पार्लमेंटात मतदान पुकारले की आसपासच्या काही पबांतही ती वाजते आणि खासदारांना आठ मिनिटांत मतदानाच्या दालनात पोचावे लागते. खासदार ग्लास ठेवून पळतात. हाही पळतो. मत नाही, काम नाही, पण पळतो.

कचेरीतले जुने लोक त्याचा खरा उपयोग दुसऱ्याच आठवड्यात ओळखतात. मतदारसंघातून मंडळी पार्लमेंट बघायला आली की त्यांच्याबरोबर याला धाडायचे. महिन्याभरात तो असा तयार होतो, की यॉर्कशरच्या आजीबाईंना त्यांचीच लोकशाही टेक्सासच्या हेलात समजावून सांगतो. हिरव्या बाकांवर बसायचे नाही, चर्चिलच्या पुतळ्याचा पाय लोकांनी हात लावून लावून कसा चकचकीत केलाय बघा, आणि हे ते कपाट, 1911 च्या जनगणनेच्या रात्री बायकांच्या मताधिकारासाठी लढणारी एमिली डेव्हिसन जिथे लपून बसली, म्हणजे तिचा पत्ता ‘हाउस ऑफ कॉमन्स’ असा लागावा.

वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये मात्र तो घाईत असतो. 1097 सालचे दालन, पहिल्या चार्ल्सचा खटला, 2011 चे ओबामांचे भाषण, की पुढे. मराठी माणसाने तिथे जरा रेंगाळावे. 1788 ते 1795 अशी सात वर्षे बंगालचा गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जचा खटला इथेच रेंगाळला आणि शेवटी हेस्टिंग्ज सुटला. त्याच्यावर तुटून पडणारा एडमंड बर्क आपल्या ओळखीचा आहे. 1781 मध्ये राघोबादादाने पेशवाईच्या गादीसाठी रदबदली करायला हनुमंतराव नावाचा ब्राह्मण वकील लंडनला पाठवला होता. परमुलखात सोवळ्याओवळ्याची पंचाईत बघून बर्कने त्याला बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेले आणि तिथले काचघर राहायला-रांधायला मोकळे करून दिले. पुढच्याच वर्षी सालबाईचा तह झाला आणि इंग्रजांनी राघोबादादाचा पक्ष सोडला. ब्रिटिश सत्तेच्या दारी पदरमोड करून जायचे आणि फार तर पाहुणचार पदरात पाडून परतायचे, या परंपरेत आपला नंबर अमेरिकी पोरांच्या पुष्कळ आधी लागतो.

गुरुवारी दुपारनंतर खासदार आपापल्या मतदारसंघाच्या गाड्या पकडू लागतात आणि हा गडी एकदम बदलतो. पार्लमेंटात पर्यटकासारखा वावरणारा हा मुलगा पर्यटनाला निघाला की अस्सल सरकारी बाबू होतो. एक्सेलच्या तक्त्यात रांगेने शहरे, पुढे तासांचे रकाने. लिव्हरपूल स्ट्रीटहून स्टॅनस्टेड, तिथून पहाटेच्या स्वस्त विमानाने बार्सिलोना. बॅग मापाच्या चौकटीत मावावी म्हणून दोन स्वेटर अंगात. रविवारी रात्री परत. पुढच्या खेपेला युरोस्टारने पॅरिस, मोनालिसासमोर तीन मिनिटे, शेरा: ‘पूर्ण’.

लंडनही असेच निकाली निघते. किंग्ज क्रॉसला पावणेदहा नंबरच्या फलाटापाशी भिंतीत अर्धी घुसलेली ढकलगाडी आहे. तिथे रांग लावून गळ्यात हॅरी पॉटरचा मफलर घालून फोटो. ॲबी रोडच्या झेब्रा क्रॉसिंगवर, जे 2010 पासून चक्क संरक्षित वारसा आहे, बीटल्ससारखा पाय टाकून फोटो. मागे बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत असतो. त्याच्यासाठी तो वारसा नव्हे, रोजचा ताप. ग्रिनिचला तो मध्यान्हरेषेवर दोन्हीकडे पाय टाकून उभा राहतो आणि खातरजमेसाठी फोन काढतो. फोन शून्य दाखवत नाही. उपग्रहांच्या हिशेबातली शून्य रेषा तिथून सुमारे 102 मीटर पूर्वेला, बागेत कुठेतरी जाते. वर्गातले बाकीचे फोटो काढून पुढे जातात. हा पठ्ठ्या फोन समोर धरून हिरवळीवरून शून्याच्या मागे चालत सुटतो, आणि ते सापडल्यावर कचऱ्याच्या डब्याशेजारी दुसरा फोटो काढतो. या जातीबद्दल आदर वाटावा असा क्षण हाच.

सत्र संपत आले की शिफारसपत्राची वेळ येते. कचेरीत सगळ्यांना घाई. सांगितले जाते, मसुदा तूच कर, साहेब सही करतील. लेटरहेडवर पत्रे लिहिण्यात त्याचा हात आता चांगलाच बसलेला असतो. तो सफाईने लिहून काढतो: सदर विद्यार्थ्याने इतकी तत्परता दाखवल्याबद्दल मी त्याचा अत्यंत आभारी आहे, त्याच्या भवितव्याविषयीची चिंता मी पूर्णपणे समजू शकतो, या प्रश्नाकडे मी संबंधित मंत्र्यांचे लक्ष वेधले असून, त्यांचे उत्तर येताच कळवीन. साहेब न वाचता सही करतात.